मावशींच्या हातातला पासवर्ड

मी मूळची नांदेडची, तोंडाने फटकळ, अन् नोकरी लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये. पोरांच्या सराव परीक्षा ऑनलाइन व्हायच्या. म्हणजे प्रत्येकाचं खातं आलं, पासवर्ड आला, अन् तो विसरला की नवा करून द्यायचं एक टूलही आलं. त्यात गट होते: ऑफिसचा, शिक्षकांचा, मुलींच्या हॉस्टेलचा. कुठल्या गटाला कुणाचा पासवर्ड बदलायची परवानगी, ते मी सांभाळायचे. सांभाळायचे कसलं, क्लासचे मालक सर सांगतील तिथं टिक मारायची अन् सांगतील तिथली काढायची.

हॉस्टेलच्या गटात एकटं माणूस, तिथल्या रेक्टर मावशी. भूकंपात त्यांचं घर बसलं, तेव्हापासून स्लॅबखाली त्यांना झोप येत नाही. म्हणून बारा महिने खाट व्हरांड्यात. मधे ना दार, ना कडी, त्यामुळं येता-जाता कुठलीही पोरगी खाटेवर टेकायची. "मावशी, पासवर्ड विसरले." मावशी सावकाश चष्मा शोधायच्या, मोबाइल काढायच्या, अन् पासवर्ड होईस्तोवर तिची सगळी रड ऐकून घ्यायच्या. फिजिक्स डोक्यात शिरंना, मेसची भाजी गिळवंना, घरची लई आठवण येते. इथं आलेली प्रत्येक पोरगी आपल्या शाळेत पहिली. रडायला आले असं ती कोणत्या तोंडानं म्हणणार? पासवर्ड विसरला म्हणायला लाज वाटत नाही.

आमच्या नांदेडकडच्या लोह्याची एक पोरगी तर दर आठवड्याला विसरायची. वडलांचं तिकडं सायकल दुरुस्तीचं दुकान. आईबापाला सोडून ती पहिल्यांदाच राहत होती, अन् ही टिकते की पळते याचा मावशींच्या जिवाला घोर. मला म्हणायच्या, "टिकंल ती. फकस्त तिला टेकायला जागा पायजे."

एवढे पासवर्ड हॉस्टेलमधून बदलतायत हे सरांना टूलमध्ये दिसलं. "पेपर फुटला म्हणजे? मावशींची परवानगी काढा. इथून पुढं सगळं ऑफिसच्या काउंटरवर."

मी भांडले. "सर, पोरी पासवर्डासाठी जात न्हाईत त्यांच्याकडं, बोलायला जातात!"

"मग बोलू द्या की. बोलायला कुठं परवानगी लागते?"

कप्पाळ माझं! माणूस शब्दात चुकत नव्हता, अन् त्याचाच राग जास्त आला. टिक काढली. मावशींना सांगायलाही मलाच जावं लागलं. त्या एवढंच म्हणाल्या, "आता काय निमित्त काढून येतील गं लेकरं?"

लोह्याची पोरगी काउंटरच्या रांगेत एकदाच उभी राहिली. तिथला क्लार्क सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणाला, "साधा पासवर्ड लक्षात राहीना, अन् डॉक्टर व्हायला निघाली!" रांगेतली पोरं हसली. त्यानंतर ती कधी विसरली नाही. खाटेकडंही फिरकली नाही. मावशी हाका मारायच्या, तर "अभ्यास आहे" म्हणून खाली मान घालून वर निघून जायची. दिवाळीला घरी गेली ती परत आलीच नाही.

वडील पेटी न्यायला आले. मावशी पेटी भरेपर्यंत ते ऑफिसात माझ्याकडं आले, हात पँटला पुसत खुर्चीच्या कडेला बसले. "म्याडम, तिचे मार्क दावता का? अभ्यास झेपंना म्हणती. खरंच झेपत नव्हता का?"

"थांबा, नवा पासवर्ड करून देते," मी म्हटलं. "तिला मेलीला कधी आठवायचाच नाही."

"न आठवायला काय झालं? माझाच मोबाइल नंबर हाय की. पयल्या दिवसापासून त्योच."

त्यांनी नंबर सांगितला, मी टाकला, खातं उघडलं. म्हणजे मावशीही दर वेळी तोच परत टाकत होत्या. प्रत्येक परीक्षेला मार्क चढतेच होते, अगदी दिवाळीआधीच्या शेवटच्या पेपरापर्यंत. मी स्क्रीन त्यांच्याकडं वळवली.

त्यांनी एकेका पेपरावर बोट ठेवून मार्क वाचले. मग म्हणाले, "मग गेली कशापायी? इथं तिचं कुणीच नव्हतं का हो?"

मावशी भरलेली पेटी ओढत दारापर्यंत आल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं.

"होतं," मी म्हणाले.