चूक कबूल करायची नाही

माझ्या भावाचं मनगट मोडलं तेव्हा मी त्याच्या दारातच उभी होते. तो मुरुम गावाच्या बाजूला जीप चालवायचा. एका वळणावर त्याच्या जीपखाली सायकलवरचा एक माणूस आला. संध्याकाळी वीस-पंचवीस जण घरी आले. भावाला ओसरीवरून ओढत खाली आणला, त्याचा उजवा हात दगडावर ठेवला आणि जीपच्याच जॅकची दांडी त्यावर घातली. पहिल्या घावाला हाड मोडलं नाही. दुसऱ्याला मोडलं. तो आवाज मी ओळखते. वाळलेली तुराटी मोडावी तसा, पण ओला.

जीपचा विमा त्यानं भरला नव्हता. मुदत संपून चार महिने झाले होते. मारणारे लोक वाईट होते असं मला आजही म्हणवत नाही. त्यांचा माणूस गेला होता, आणि आमच्याकडून हातात काही मिळणार नाही हे त्यांना कळलं होतं.

म्हणून नवऱ्यानं बोट घ्यायची ठरवली तेव्हा मी एकच हट्ट धरला. आधी विमा, मग बोट पाण्यात.

नवरा तेर गावात मोटार रिवाइंडिंगचं, जळालेल्या मोटारीत नवी तार भरायचं काम करायचा. हात चांगला होता, पण बसून बसून त्याची कंबर गेली होती. गावाजवळच्या धरणाच्या पाण्यानं पलीकडच्या चार-पाच गावांची वाट तोडलेली. रस्त्यानं पाऊण तास जिथं लागतो तिथं बोटीनं दहा मिनिटं. उजनीच्या बाजूच्या एकाकडून त्यानं जुनी फायबरची बोट आणली, मागं इंजिन बसवलेली, आठ माणसांची. परवानगी काढली. जाकिटं आणली. नारिंगी रंगाची जाकिटं अंगणात दोरीवर वाळत घातली तेव्हा गल्लीतली पोरं बघायला जमली.

विमा एजंट म्हातारे होते. धाराशिवला बसस्थानकाजवळ त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि त्याच्याच मागच्या भागात विम्याचं टेबल. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो.

"बोटीचा विमा म्हणजे बोट बुडली, फुटली, चोरी गेली तर," चाचा म्हणाले. "धरणावरचे लोक एवढंच काढतात. तेही कुणी कुणी. बाकीचे तर काढतच नाहीत."

"आणि माणूस मेला तर?" मी विचारलं.

नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. "सुरुवातीलाच असं बोलतेस व्हय?"

चाचा मात्र सावरून बसले. "बाई बराबर विचारतात. त्याला वेगळं कलम आहे. तुमच्या बोटीमुळं दुसऱ्याला इजा झाली, कुणाचा हातपाय गेला, जीव गेला, तर त्याची भरपाई तुमच्या वतीनं कंपनी देते. त्यातही दोन आहेत. बोटीत बसलेली माणसं वेगळी, बोटीबाहेरची वेगळी."

"बसताना-उतरताना एक पाय पाण्यात असला तर?"

"मग वकील भांडतात," चाचा हसले. "दोन्ही घेतलं तर भांडण न्हाय."

आम्ही दोन्ही घेतलं. रक्कम किती धरायची यावर नवऱ्याचं आणि माझं दुकानातच वाजलं. त्याला सगळ्यात लहान रक्कम पुरेशी वाटत होती. मी म्हणाले, एखाद्या तरुण माणसाचा पाय गेला आणि त्याला पुढं चाळीस वर्षं जगायचं असलं, तर त्याला पुरेल एवढी धरा. भावाचा हात माझ्या डोळ्यांपुढं होता. शेवटी मोठी रक्कम धरली. तिच्यापायी एक कलम सोडावं लागलं. दंगलीत, जमावानं केलेल्या नासधुशीत बोटीचं नुकसान झालं तर मिळणारी भरपाई. दोन्ही झेपत नव्हतं. चाचांनी विचारलं, "हे सोडू?" मी म्हणाले, "सोडा. आमच्या धरणावर कसली दंगल?"

कागद हातात आल्यावर मी तो तीन वेळा वाचला. त्यात एक अट होती. अपघात झाल्यास कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय विमाधारकानं दुसऱ्या पक्षाजवळ चूक कबूल करायची नाही, कसलं वचन द्यायचं नाही. मी ती नवऱ्याला वाचून दाखवली. पुन्हा आठवड्यानं दाखवली. जेवताना विचारायची, "काही झालं तर काय करायचं?"

तो कंटाळून म्हणायचा, "तोंड मिटून उभं ऱ्हायचं."

"आणि लगेच चाचांना फोन."

"व्हय व्हय. तोंड मिटायचं आन् फोन लावायचा."

दीड वर्ष सगळं सुरळीत चाललं. मग उन्हाळ्यात पाणी उतरलं, पलीकडचा काठ जवळ आला आणि दोन्ही काठांना गाळ उघडा पडला.

त्या दिवशी पलीकडच्या गावात साखरपुडा होता. दुपारी नवऱ्यानं आठ पाहुणे घेतले आणि निघाला. मी अलीकडच्या काठावर तिकिटाच्या चिठ्ठ्या फाडत बसलेली. बोट पलीकडं पोचताना गाळात रुतलेली मला दिसली. एक माणूस खाली उतरला. नवरदेवाचा धाकटा भाऊ होता, पंचविशीचा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. तो ढकलायला बोटीच्या बाजूनं मागं गेला. नवऱ्यानं इंजिन मागच्या गिअरमध्ये टाकलं.

पाण्यावरून आवाज फार लांब येतो. आधी इंजिन गुरगुरलं, मग काहीतरी अडकल्यासारखं खरखरलं आणि बंद पडलं. त्यानंतर तो माणूस ओरडला. तसं ओरडणं मी भावाच्या तोंडूनही ऐकलं नव्हतं. एवढ्या लांबूनही पाण्याचा रंग बदललेला दिसला.

लोकांनी त्याला उचलून काठावर घातला. गुडघ्याखाली पाय होता, पण पोटरी नव्हती. इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्यानं हाडापर्यंत सोलून काढली होती. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त धावपळ दिसत होती. साखरपुड्याच्या मांडवातून माणसं पळत येत होती, आणि त्या सगळ्यांमध्ये माझा नवरा उभा. हात खाली सोडून, ताठ.

तो काही बोलत नव्हता.

मला कळलं तो का बोलत नाही. मी या काठावरून ओरडले, "बोला! माफी मागा! बोला!" आवाज तिकडं गेला असेल नसेल. एक माणूस त्याच्यासमोर येऊन काहीतरी विचारत होता, पुन्हा पुन्हा, हात हलवून. नवऱ्यानं खिशातून फोन काढला. खाली रक्त वाहतंय आणि हा फोन लावतोय.

पहिली थप्पड बसली तेव्हा फोन पाण्यात गेला. मग मला नवरा दिसेनासा झाला. नुसत्या पाठी दिसत होत्या, वरखाली होणारे हात दिसत होते. कुणीतरी बोटीतलं वल्हं उपसून आणलं. ते वर गेलं की उन्हात चमकायचं. मी मोजत नव्हते, पण सात वेळा वर गेलेलं आठवतं. आवाज थोडा उशिरा यायचा. वल्हं खाली आलेलं आधी दिसायचं आणि मग धप ऐकू यायचं.

मग बोट पेटली. पेट्रोलची टाकी फोडून पेटवली होती. फायबर जळताना काळा, जाड धूर निघतो. तो वर न जाता पाण्यावर पसरला आणि मला पलीकडचं काही दिसेना.

माझ्या आणि नवऱ्याच्या मध्ये पाणी होतं आणि पाण्यावर एकच बोट होती, ती जळत होती. एका मोटारसायकलवाल्यानं मला मागं बसवून रस्त्यानं फिरवून नेलं. तिथं पोचले तेव्हा जमाव पांगला होता. पोलिसांची गाडी आली होती. जखमीला आधीच जीपमधून हलवलं होतं. नवरा गाळात कुशीवर पडलेला, डावा कान फाटून गालावर लोंबत होता आणि तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तो म्हणाला, "म्या काय बी बोललो न्हाय." एवढं म्हणून बेशुद्ध झाला.

मी हे कुणाला सांगितलं नाही. पोलिसांना नाही, सासूबाईंना नाही. सगळे म्हणत होते, लोक राक्षस आहेत. मी मान हलवत होते.

त्याचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता. तीन बरगड्या. डाव्या कानानं त्याला पुन्हा कधी ऐकू आलं नाही. त्या जखमी माणसाला सोलापूरला नेलं. पाचव्या दिवशी त्याचा पाय गुडघ्याखालून काढला.

कंपनीचा माणूस दवाखान्यात आला. तरुण होता, हातात फाईल. बोटीचं त्यानं लगेच सांगितलं. जमावानं जाळली, ते कलम तुम्ही घेतलेलं नाही, त्यामुळं बोटीचं काही मिळणार नाही. स्वतःच्या मारहाणीचंही या कागदात काही नव्हतं. उरली त्या पायाची भरपाई. "तिथं चूक कुणाची होती ते खरं खरं सांगा," तो म्हणाला. "बाहेर बोलायचं नसतं, पण आम्हाला सांगायचं असतं. तो स्वतःहून पंख्यात गेला असेल तर आम्ही तसं लढू."

जबडा तारांनी बांधलेला म्हणून नवरा पाटीवर लिहायचा. त्यानं लिहिलं, "तो स्वतः गेला."

कंपनीचा माणूस चहाला बाहेर गेला. मी खुर्ची नवऱ्याच्या उजव्या कानाकडं ओढली.

"तुम्ही मागं बघितलं होतं का?"

त्यानं लिहिलं, "मला त्यांनी मारलं."

"मी ते विचारलं नाही. गिअर टाकताना मागं बघितलं होतं का?"

त्यानं पाटी भिंतीवर फेकली. फुटली. तारांमधून, दातांमधून तो गुरगुरला. शब्द कळले नाहीत, पण डोळे कळले. ज्यांनी माझा कान तोडला त्यांच्या घरात मीच पैसा पोचवू?

"मारणारे वेगळे," मी म्हणाले. "पाय गेला तो वेगळा. त्यानं तुम्हाला हात लावला नाही. तो पडलेला होता."

आणि मग मी ते बोलले. "तुम्ही गप्प उभे राहिलात ते माझ्यामुळं. मी तुम्हाला पढवलं होतं. अट चुकीची नव्हती. पण त्याचा पाय बांधायला, पाणी पाजायला, अरे देवा म्हणायला त्या कागदानं मना केलं नव्हतं. ते मी तुम्हाला सांगितलं नाही. मलाच कळलं नव्हतं."

त्यानं तोंड फिरवलं. कंपनीचा माणूस परत आला तेव्हा त्यानं फाईलच ओढून घेतली आणि कोऱ्या कागदावर लिहिलं, "मी मागं पाहिलं नाही. त्यो उतरला हाय हे मला ठावं होतं." खाली सही केली. तो कागद देताना त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.

भरपाई मिळायला चौदा महिने लागले. तोवर नवऱ्याला मारल्याचा खटलाही कोर्टात उभा राहिला, कुणीतरी फोनवर काढलेल्या व्हिडिओच्या आधारानं. तो माणूस बोटीतला की बाहेरचा, असा प्रश्न निघालाच. पण दोन्ही कलमं होती म्हणून तो फार टिकला नाही. रक्कम पूर्ण मंजूर झाली. त्या घरात कुणी इंग्रजी कागद वाचणारं नव्हतं आणि चाचांना चालवत नव्हतं, म्हणून त्याची सही घ्यायला मीच कागद घेऊन गेले.

दार त्याच्या आईनं उघडलं. तिनं मला ओळखलं. आत यायला सांगितलं नाही, पण दारही लावलं नाही. तो पलंगावर बसला होता. एका डोळ्याखाली काळंनिळं, ओठ सुजलेला, कपाळावर ताजे टाके. भिंतीला कुबडी टेकलेली, मधून मोडून तारेनं बांधलेली.

"हे काय झालं?" मी विचारलं.

आई म्हणाली, "इचारा त्यालाच. कोर्टात जाऊन आलाय."

तो म्हणाला, "वल्हं कुणाच्या हातात हुतं, सांगितलं म्या. व्हिडिओत दिसत न्हाय ते. म्या पडल्या पडल्या बघितलं हुतं."

"कुणाच्या हातात होतं?"

"थोरल्या चुलत्याच्या." त्यानं ओठ चाटला. "काल त्याची पोरं आली हुती घरी."

आई एकदम कडाडली, "गप बसला असता तर काय बिघडलं असतं तुझं? पाय तर गेलाच हुता. आता माणसं बी गेली!"

तो माझ्याकडं वळून बसला. मग मला म्हणाला, "बाई, तुमच्या मालकानं लिहून दिलेलं वकिलानं मला वाचून दाखवलं. मागं पाहिलं न्हाय म्हणून. तवर मला वाटत हुतं, त्यो माजोरी माणूस हाय. माझा पाय कापून फोन लावत हुता." त्यानं पेन मागितलं. "कुठं सही करायची?"

मी जागा दाखवली. त्यानं नाव सावकाश, सगळं लिहिलं. निघताना मी म्हणाले, "पोलिसात सांगा, काल आले होते ते." तो म्हणाला, "सांगतो." सांगेल की नाही, मला कळलं नाही. आईनं माझ्यामागं दार लावून कडी घातली.

तेरची बस उशिरा मिळाली. घरी आले तेव्हा नवरा घरापुढच्या जुन्या दुकानात मोटारीला तांब्याची तार गुंडाळत होता. मी त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसले आणि तिथं जे बघितलं ते सगळं सांगितलं. चुलता, टाके, कुबडी.

तो तार गुंडाळायचा थांबला. "लई मारलं का?"

"लई."

त्यानं हात पुसले, खुंटीवरचा शर्ट घातला आणि मोटारसायकलची किल्ली घेतली. "चल," म्हणाला. "ठाण्यात जाऊ. त्याच्यानं जाणं व्हायचं न्हाय."