मोरीपर्यंत पोचलं की सुई

देवपूरच्या लॅबमध्ये रक्त काढणाऱ्या बाईंचं भाषण ठरलेलं आहे. माझ्या बहिणीला स्तनाचा कॅन्सर झाल्यापासून मी ते तीनदा ऐकलंय. तपासणीसाठी माझ्या दंडाला रबर बांधता बांधता त्या सुरू होतात.

"अक्का, हार्मोन म्हणजे खरकटं भांडं. काम झालं की शरीरानं घासून टाकायचं. कुणाचं शरीर लगेच घासतं, कुणाचं रेंगाळतं. बरंचसं जन्मानंच ठरलेलं शे. रेंगाळलं तर धोका थोडा वाढतो, पण कॅन्सर होईलच असं नाही. आता भांडी मोरीत..."

'मोरीत' म्हणताच सुई आत.

परवा गेले, तर त्याच खुर्चीत बाई स्वतः बसलेल्या, घामाघूम. त्यांच्या आईलाही तोच आजार होता, म्हणून त्यांचीही तपासणी. सुई दुसऱ्या बाईंकडे. मला बघताच खुर्चीतल्या बाईंनी माझा हात गच्च धरला.

"अक्का, तुम्ही सांगा ना भांड्यांचं."

मी सांगू लागले. मोरी जवळ आली तसे त्यांनी डोळे घट्ट मिटले. मला दया आली. मी भांडी ओट्यावरच ठेवली.

तेवढ्यात रक्त काढूनही झालं. बाईंनी एक डोळा उघडला.

"अन् मोरी?"