रूपलीबाईचा मुराळी

भाईदास गुजर काही साधुसंत नव्हता. बैल बिथरला की अशा शिव्या हासडायचा की शेजारच्या शेतातल्या बाया पदरात तोंड लपवून हसायच्या. तरीही त्याच्याइतका मोठा माणूस मी पाहिला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

गोष्ट इंग्रज जाऊन स्वराज्य आलं, त्याच्या दहा-बारा वर्षं आधीची. सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा उठली की मैदानाच्या कडेच्या चिंचांखाली काही माणसं उरायची. व्यापारी जात, घोडे जात. यांना जायला ठिकाणच नसे. जन्मभर दुसऱ्यांच्या घोड्यांना खरारा केलेला म्हातारा उखा त्यातलाच. आणि सातपुड्यातून नवऱ्यासोबत मजुरीला उतरलेली भिलाची रूपलीबाई. नवरा तापानं गेला, डोंगरातलं घर भाऊबंदांनी गिळलं, बाई चिंचेखाली राहिली.

भाईदास रोज दिवस कलताना तिथं जाऊन बसायचा. हात हलवत जायचा, हे विशेष. गाव म्हणे, अरे, दान करायचं तर कर आणि पुण्य पदरात घे, नुसता बसतोस काय? तो पिकाच्या, पावसाच्या, बायकोशी झालेल्या भांडणाच्या गोष्टी त्या लोकांना सांगत बसे. रूपलीबाई कित्येक महिने तोंडातून शब्द काढत नव्हती. मग एकदा म्हणाली,

"रोज येस रे भाऊ, तुले घर नही का?"

भाईदास एवढा हसला की उखाही हसू लागला. त्या दिवसापासून ती बोलायला लागली.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्या खानदेशात आखाजीला सासुरवाशीण माहेरी येणारच, आणि तिला आणायला भाऊ मुराळी होऊन जाणारच. गावभर गाड्या सुटल्या होत्या. रूपलीबाई येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांकडे बघत बसे, हे भाईदासनं पाहिलं होतं. सणाच्या आदल्या दिवशी त्यानं बैलांच्या शिंगांना गोंडे बांधले, गाडीत गोधडी अंथरली आणि थेट चिंचेखाली गेला.

"चाल बहीन, तुले लेवाले ऊनू."

बाजूच्या झाडाखाली आखाजीचा पत्त्यांचा डाव रंगला होता, मीही त्यात होतो. डाव थांबला.

रूपलीबाईचे डोळे भरून आले. पण ती गाडीकडे गेली नाही. तीन दगडांच्या चुलीकडे वळली, ज्वारीची भाकर थापली, मिरची ठेचली.

"कशाले तरास?" भाईदास पटकन बोलून गेला. "मी जेवी ऊनू."

तिचा चेहरा पडला. मुराळी सासरी जेवल्याशिवाय लेक घेऊन जात नाही, हे डोंगरातून आलेल्या तिलाही ठाऊक होतं.

"मन्हा घरनं तू खाशी नही," ती म्हणाली, "मंग मी तुन्हा घर कशी येऊ?"

आता ऐका. त्या काळी भिलाच्या हातची भाकर गुजरानं चारचौघांदेखत खाणं म्हणजे काय, ते आजच्या पोरांना सांगून कळायचं नाही. पाणी बंद झालं असतं, पंगतीतून उठवलं असतं. पत्तेवाले माना वळवून बघत होते. मीही हातातले पत्ते खाली ठेवले.

भाईदासनं पागोटं सारखं केलं, पायातले जोडे काढले, घरात शिरताना काढावेत तसे, आणि मांडी घातली.

"वाढ, बहीन."

पळसाच्या पानावरची ती भाकर त्यानं खाल्ली. मिरचीनं नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तरी आणखी अर्धी मागून घेतली.  

रूपलीबाईनं चूल विझवली, डोक्यावरून पदर घेतला आणि उखाच्या पाया पडली.

"मी माहेरले जास. घरकडे ध्यान ठेवजो."

म्हाताऱ्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग खाकरून, अगदी सासऱ्याच्या थाटात म्हणाला,

"जाय बेटा. पन लवकर येजो. तुन्हाबिगर आठे करमाव नही."