नर्सबायचं पेडण्याचं घर

पेडण्याच्या कचेरीच्या व्हरांड्यात नर्सबाय बाकावर येऊन बसल्या, की तारखेला आलेली माणसं आपापली दुखणी घेऊन त्यांच्याभोवती गोळा व्हायची. कुणाच्या पायाची चिघळलेली जखम, कुणाच्या सुनेला लागलेले दिवस, शिपायाचा रक्तदाब. त्यांच्या कापडी पिशवीत एका कप्प्यात दाव्याचे कागद असत आणि दुसऱ्यात पट्टी, कापूस, कात्री. स्वतःच्या घरासाठी बाय त्या बाकावर सहा वर्षं बसल्या आणि तेवढ्या काळात निम्म्या तालुक्याच्या जखमा त्यांनी बांधून दिल्या. मी त्यांचा वकील होतो. खरं सांगायचं तर मी फक्त कोट घालून उभा राहायचो, दावा त्यांनीच लढवला.

गोवा मुक्त झाल्यावर दोन-तीन वर्षांनी त्या वास्कोच्या एका इस्पितळात नोकरीला लागल्या. लग्न केलं नाही. पेडण्याच्या बाजारामागचं चार खोल्यांचं कौलारू घर त्यांच्या वडिलांनी एका कंत्राटदाराला भाड्याने दिलं होतं. वडील वारले. कंत्राटदाराचा धंदा वाढला, त्याने म्हापशाला दुमजली बंगला बांधला आणि बायकामुलांना घेऊन तिकडे राहायला गेला. पेडण्याच्या घराला मात्र कुलूप घालून किल्ली खिशात ठेवली. भाडं दर महिन्याला बिनचूक येत राहिलं. बाय निवृत्त झाल्या आणि त्यांनी घर मागितलं, तेव्हा तो हसून म्हणाला, की मोकळं करून हवं असेल तर त्याची किंमत पडेल.

त्या माझ्याकडे आल्या तेव्हा मी त्यांना अजिबात आशा दाखवली नाही. कायदा भाडेकरूच्या बाजूचा आहे, आणि ज्याचं भाडं वेळेवर येतं त्याला हलवणं सगळ्यांत कठीण, असं मी सांगितलं. शहाण्या माणसाने काहीतरी देऊन मोकळं व्हावं, असंही सुचवलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, बंद घराबद्दल कायद्यात काय लिहिलंय ते वाचून दाखवा. मी कलम काढलं. सबळ कारणाशिवाय सलग काही महिने भाडेकरू घरात राहिलाच नाही, तर घर परत मागता येतं.

"मग निदान झालं, वकीलबाब," त्या म्हणाल्या. "आता तपासण्या करूया."

वास्कोला त्यांची स्वतःची भाड्याची खोली अजून होती. पंचवीस वर्षं त्या तिथे राहिल्या होत्या. मी सल्ला दिला, की दाव्याचा निकाल लागेपर्यंत ती सोडू नका. मालक काय करणार? तुम्हालाही तोच कायदा आहे. बायनी विचारलं,

"म्हणजे मीसुद्धा कंत्राटदार व्हायचं?"

पुढच्याच आठवड्यात त्यांनी ती खोली मालकाच्या ताब्यात दिली आणि हळर्णला मावसबहिणीच्या पडवीत ट्रंक आणून ठेवली. मला राग आला होता. पक्षकाराने असा प्रामाणिकपणा केला की वकिलाची पंचाईत होते, अशी तेव्हा माझी समजूत होती.

मग तारखा सुरू झाल्या. कधी दावा ऐकणारे साहेब बैठकीला, कधी साहेबांची बदली, कधी समोरच्या वकिलाच्या घरी लग्न. मी चिडायचो, त्या नाही. "हाड जुळायला वेळ लागतोच," असं म्हणून पुढची तारीख लिहून घ्यायच्या आणि हळर्णची बस पकडायच्या. पावसाळ्यात पडवीत पाणी शिरायचं आणि बाय ट्रंक खाटेवर ठेवून स्वतः खुर्चीत झोपायच्या. हे मला त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांची मावसबहीण एकदा बाजारात भेटली तेव्हा कळलं, आणि त्या दिवसानंतर मी त्यांच्या कागदांना हात लावताना जरा जास्त काळजी घेऊ लागलो.

साक्षीदार मिळेनात. घर बंद आहे हे सगळ्या वाड्याला ठाऊक होतं, पण कंत्राटदाराशी वैर कोण घेणार? कुणी म्हणालं, आमचं लक्ष नसतं. कुणी म्हणालं, कधीमधी दिवा दिसतो खरा. शेवटी बायनी सायकलवरून दारोदार पाव देणाऱ्या पोदेराला विचारलं. तो लगेच तयार झाला. त्याच्या आईचं बाळंतपण वास्कोला बायच्याच हातून झालं होतं म्हणून नव्हे, ते त्याला माहीतही नव्हतं. त्याला फक्त खरं तेवढं सांगायचं होतं. साक्षीत तो म्हणाला, की दोन वर्षं त्या दारात पाव गेलेला नाही. समोरच्या वकिलाने त्याला खोचकपणे विचारलं, एवढी घरं असताना नेमकं हेच कसं लक्षात राहिलं?

पोदेर म्हणाला, "खंयच्या दारात पाव घालूचो नाय, ता पोदेराक म्हायत असूकच व्हया."

साहेबांनी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घ्यायला लावलं.

मग समोरच्यांनी आपलं हुकमी पान काढलं. या बाईंना घराची गरजच नाही, वास्कोला यांची खोली आहे आणि ती कोणी काढून घेऊ शकत नाही. मी उत्तर द्यायला उठलो तेव्हा बायनी माझा कोट मागून ओढला. पुढच्या तारखेला तीन बसगाड्या बदलून वास्कोचे ते म्हातारे मालक स्वतः हजर झाले. ते म्हणाले, की मी मागितलीही नव्हती, तरी खोली झाडून, पुसून यांनी माझ्या हाती दिली. असा भाडेकरू मला पुन्हा मिळाला नाही. एवढं बोलून त्यांनी चष्मा पुसला. जे मला नुकसान वाटलं होतं, तेच आमचा सर्वांत भक्कम पुरावा झालं होतं.

तरी खरी लढाई पाहणीच्या दिवशी झाली. साहेब घर बघायला येणार याची नोटीस आठ दिवस आधी निघाली होती, त्यामुळे कंत्राटदाराने घर सजवून ठेवलं होतं. दोरीवर ओले कपडे, स्वयंपाकघरात स्टोव्ह, पाण्याने भरलेली कळशी, एक खाट. एक कामगार लुंगी नेसून दारात उभा. तो म्हणाला, मालक येऊन-जाऊन असतात, मी इथेच झोपतो. साहेबांनी मान हलवली. माझा धीर सुटला.

बाय सगळ्या खोल्यांतून सावकाश फिरल्या, जणू वॉर्डातली फेरी. मागच्या दाराशी थांबून त्यांनी कामगाराला विचारलं, कळशीतलं पाणी कुठलं? तो म्हणाला, मागच्या विहिरीचं, रोज मीच आणतो. घराच्या दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या दगडी कुंपणांचे गडगे होते. विहिरीवर जायला या दाराखेरीज दुसरी वाट नव्हती.

"साहेब, जरा बॅटरी धरा," बाय म्हणाल्या.

जमिनीपासून निघालेली वाळवीच्या मातीची रेघ चौकटीवरून दाराच्या फळीवर, फळीवरून कडीवर आणि कडीवरून पुन्हा चौकटीवर गेली होती. बोटाएवढी जाड, सुकून कडक झालेली, कुठेही न तुटलेली. बाय एवढंच म्हणाल्या, की दार एकदा जरी उघडलं असतं तरी ही मोडली असती. साहेबांनी स्वतः कडी ओढली. माती फुटून त्यांच्या बुटांवर पडली, दार कुरकुरत उघडलं आणि पलीकडे विहिरीपर्यंत पुरुषभर रान माजलेलं दिसलं. कामगार खाली मान घालून दोरीवरचे कपडे काढू लागला.

निकाल आमच्या बाजूने लागला. पणजीला अपील झालं, त्यात दोन वर्षं गेली आणि तेही फेटाळलं गेलं. ताब्याच्या दिवशी कंत्राटदार स्वतः आला. आठ वर्षांत तो थकलेला दिसत होता. मला वाटलं, आता बाय त्याला दोन शब्द ऐकवतील, आणि ते ऐकायला वाड्यातली बरीच माणसं जमलीही होती. त्यांनी किल्ली घेतली, त्याच्या चपलांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पाय सुजलेत तुमचे. साखर तपासून घ्या, आजच."

मग उंबऱ्यावर उभं राहून मला हाक मारली, "आत येवा, वकीलबाब. पयले पाव्हणे तुमी." बसायला काही नव्हतं. आम्ही जमिनीवर बसलो. बाय भिंतीला पाठ टेकून हसत होत्या. त्यांना तसं हसताना मी आधी पाहिलंच नव्हतं.

त्या विजयाची चर्चा तालुकाभर झाली. सगळे घरमालक बायकडे युक्त्या विचारायला येऊ लागले. त्यातल्या एकाला बाजारातल्या आपल्या खोलीतून एका शिंप्याला काढायचं होतं. शिंपी सावंतवाडीकडचा होता आणि त्याच खोलीत शिवायचा, त्याच खोलीत कुटुंबासह राहायचा. बायनी मालकाला चहा दिला, सगळं ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शिंप्याला घेऊन माझ्याकडे आल्या. त्याचं वकीलपत्र मी घेतलं. ती केसही आम्ही जिंकलो.

निकालाच्या दिवशी व्हरांड्यात मी त्यांना म्हणालो, की बाय, तुम्ही घरमालक, आणि सगळे मालक तुम्हाला आपला पुढारी समजत होते. आता ते तुमच्याशी बोलत नाहीत. बाय शिपायाच्या दंडाला पट्टा गुंडाळत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या,

"पंचवीस वर्षं वास्कोला मी भाड्याच्या खोलीत निर्धास्त झोपले, ती कुणाच्या जिवावर? याच कायद्याच्या ना? तो माझ्याविरुद्ध कधी नव्हताच, वकीलबाब."

त्यानंतर बाय आणखी अकरा वर्षं जगल्या, आपल्या घरात, मागच्या दारी अबोली लावून. गेल्या तेव्हा त्यांना पोचवायला अख्खा बाजार बंद ठेवून माणसं आली. पुढे शिंपी होता, आणि माझ्या शेजारून, काठी टेकत, कंत्राटदार चालत होता.