काजळी जाळायला निघालो तेव्हा

सोलापुरात माझी डिझेल गाडी घर ते शाळा एवढीच धावायची, जेमतेम तीन किलोमीटर. त्यामुळे सायलेन्सरच्या वाटेवरचा फिल्टर काजळीनं तुंबायचा आणि समोर पिवळा दिवा लागायचा. मेकॅनिकनं बजावलं होतं, "सर, मोकळ्या रस्त्याला अर्धा तास एका दमात पळवा. फिल्टर तापून काजळी आपोआप जळते. पण तेवढ्यात वाळल्या गवतावर गाडी उभी करू नका. खाली नुसती भट्टी असते."

एप्रिलात दिवा तिसऱ्यांदा लागला. मी वैतागूनच भर दुपारी सांगोल्याच्या रस्त्याला लागलो. मंगळवेढा मागे पडलं, करपट वास यायला लागला, म्हणजे काजळी जळत होती. तेवढ्यात मेंढरं आडवी आली. मी हॉर्नवरचा हात काढलाच नाही.

"कशापायी वाजवताय?" मेंढपाळ ओरडला. "मेंढरं बुजत्यात की!"

"रस्ता तुझ्या बापाचा आहे का?" मी म्हणालो. एरवी मुलांना नागरिकशास्त्र शिकवणारा माणूस मी. गाडी कडेच्या गवतात घातली, इंजिन चालूच ठेवलं आणि काच खाली करून शिव्या देत राहिलो.

त्यानं बॉनेटवर काठी हाणली. मी उतरून त्याची गचांडी धरली. दुसरी काठी माझ्या उजव्या कानावर बसली. आत काहीतरी फाटल्यासारखं झालं. मी डिकीतून चाकाचा पाना काढला आणि सगळ्या ताकदीनं मारला. त्याची भुवई फुटली. रक्त डोळ्यात उतरलं. तो गुडघ्यावर आला, तरी मी पुन्हा हात उचलला. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा बरं वाटलं होतं.

"आग! आवं, आग लागली!" त्याची बायको किंचाळली.

गाडीखालचं गवत पेटलं होतं. वारा शेताकडं होता आणि तिकडं दोरीच्या जाळीच्या कुंपणात कोकरं कोंडलेली. मी गाडी कशीबशी डांबरावर घेतली. त्याची बायको घोंगडीनं जाळ बडवत होती. मी लिंबाची फांदी मोडून तिच्या शेजारी बडवू लागलो. तो मात्र एका डोळ्यानं वाट काढत जाळात शिरला, विळ्यानं जाळी कापली. कोकरं बाहेर पळाली. दोन आतच राहिली. त्यांचा आवाज मला डाव्या कानानंच ऐकू आला.

आग विझली. वाटेनं आलेल्या एका मोटारसायकलवाल्याला मेंढरांकडं थांबवून मी दोघांना सांगोल्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "कसं लागलं?"

"दगडावर पडलो," मेंढपाळ म्हणाला.

टाके घालून झाल्यावर बाकावर आम्ही शेजारी बसलो. मी म्हणालो, "चूक माझी होती."

"व्हय, तुमचीच हाय," तो म्हणाला. आवाज चढला नाही. "पोलिसांत गेलो तर मेंढरं कुणी राखायची? म्हणून पडलो म्हणलं. तुमच्यासाठी न्हाय."

त्याच्या बायकोनं माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. संध्याकाळी मी त्यांना कळपाकडं परत सोडलं. ती उतरली आणि आधी त्या दोन कोकरांवर पदर टाकायला गेली.