एकेक प्लेट परतणारी बाई

तरुणपणी मलेशियात पेनांगला संसार केलेल्या विवेककाकांना परतलेल्या नूडल्सची पक्की पारख होती. आजारपणापासून उत्तराकाकूंची अन्नावरची वासनाच उडाली होती. परवा मात्र त्यांनी आपणहून त्या नूडल्सचं नाव काढलं आणि काका त्यांना थाटात अमेरिकेतल्या सनीव्हेलच्या बाजारात घेऊन आले.

मलेशियन स्टॉल तीन होते. दोन ठिकाणी नूडल्सचा ढीग तयार होता. तिसरीकडची बाई धगधगत्या कढईत एकेक प्लेट वेगळी परतत होती.

"अहो, तिथे केवढी रांग!"

"म्हणूनच तिथे. तू बस गं निवांत."

प्लेट समोर आल्यावर काकूंनी लिंबू पिळून घास घेतला. काका श्वास रोखून बघत राहिले.

"तिखट जरा कमीच आहे," काकू म्हणाल्या, "आणि दोघांत एकच प्लेट आणलीत?"

काका हसत पुन्हा रांगेत जाऊन उभे राहिले.