चार भुजांचं संमतीपत्र

शाळेतून निवृत्त झालेल्या मराठीच्या बाईला फारसं कुणी विचारत नाही. त्यामुळे आमच्याच गावातल्या द्वारका चौकाजवळच्या एका इस्पितळातून माझ्या जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला, तेव्हा मी जरा जास्तच खूश झाले. शुद्धलेखनात कायम मार खाणारा तो मुलगा आता सर्जन होता.

"बाई, आमच्याकडे ऑपरेशनसाठी रोबो आलाय. पेशंटची सही घ्यायचं संमतीपत्र मराठीत करून द्याल? सोपं करा."

'सोपं' हा शब्द माझ्या कानावरून गेला. पंचवटीतल्या घरात दोन दिवस दार लावून लिहीत बसले. त्यातलं एक वाक्य मला फारच साधलं होतं : 'चार भुजांचा यंत्रमानव रुग्णाच्या उदरात प्रवेश करील, शल्यविशारद काही अंतरावर आसनस्थ राहतील.' यजमानांना वाचून दाखवलं. "पुराणात शोभेल," ते म्हणाले. मी ती शाबासकी समजले.

आठवड्याने पुन्हा फोन. "बाई, लगेच या. पेशंट पळालाय."

"कुठे?"

"खाली रिक्षास्टँडपर्यंत. तुमचा कागद वाचून."

मी पोचले तेव्हा कठड्यावर पन्नाशीचा एक माणूस बसला होता. अंगात इस्पितळाचा हिरवा झगा, त्यावर स्वतःचा सदरा, हाताला सलाइनची सुई तशीच चिकटवलेली. सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरून आला होता. पित्ताशयात खडे झालेले. शेजारी त्याची बायको, हातात माझा कागद. ती सातवीपर्यंत शिकलेली होती. तिनंच तो वाचला होता.

"हे तुम्ही लिवलं?"

"हो."

"हा आत शिरतो, ते लिवलंय. बाहेर कधी येतो, ते नाय लिवलं."

मी कागद हातात घेतला. खरंच नव्हतं लिहिलं. अर्धवट उत्तराचे मार्क मी जन्मभर कापत आले होते.

"आणि डॉक्टर लांब बसणार म्हणं. मंग आम्ही इतक्या लांबून कशाला आलो?"

नवरा एवढंच म्हणाला, "खड्यांचं मला कायबी वाटत नाय, बाई. त्या चार हातांचं वाटतं."

तेवढ्यात डॉक्टर खाली आला आणि इंग्रजी शब्दांची रांग लावून समजावू लागला. पेशंटच्या बायकोचा चेहरा आणखी घट्ट झाला. मी त्याला थांबवलं. "अरे, बोलतोस काय, दाखव की त्यांना."

नवरा काही जागचा हलेना. आम्ही दोघीच पायांत प्लास्टिकच्या पिशव्या चढवून वर गेलो. ऑपरेशनची खोली रिकामी होती. यंत्र मधोमध हात मिटून उभं होतं. डॉक्टर खोलीतच एका कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला, समोरच्या खोक्यात डोळे घातले, बोटं हलवली, आणि तिकडे एक हात वळला. मी दचकले. ती मात्र यंत्राकडे बघतच नव्हती. तिची नजर डॉक्टरच्या बोटांवर होती.

"डॉक्टर, नाक खाजवा," ती म्हणाली.

"काय?"

"खाजवा ना."

त्याने मान बाहेर काढून नाक खाजवलं. यंत्राचा हात होता तिथेच राहिला.

"मान बाहेर काढली की तो थांबतो," डॉक्टर म्हणाला.

"म्हंजे आपल्या मनानं कायबी नाय करत. हा तुमचाच हात हाय."

"अगदी बरोबर."

"मंग तसं लिवा की!"

बाहेरच्या बाकावर बसून आम्ही नवं संमतीपत्र लिहिलं. ती सांगत होती, मी उतरवून घेत होते. 'डॉक्टर त्याच खोलीत बसून स्वतःच्या हाताने मशीन चालवतील. पोटाला चार बारीक भोकं पाडतील. काम झालं की सगळं बाहेर काढतील आणि मोजून बघतील.' 'भोकं'च्या जागी मी 'छिद्रं' सुचवलं. तिने कागदावर बोट ठेवलं. भोकं राहिली.

"बाई, मी हेच तर म्हणत होतो, सोपं करा," डॉक्टर म्हणाला.

"तू गप्प बस," मी म्हणाले, आणि तो खरंच गप्प बसला.

नवऱ्याने सगळं दोनदा वाचून घेतलं आणि झोकात सही केली.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं. माझं तिथे काही काम नव्हतं, पण घरी बसवेना. बाहेर ती शांत होती. येरझाऱ्या घालत होते ती मी. तिने फडक्यातली नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी मोडून अर्धी माझ्या हातात ठेवली. "खा बाई, तुमचा जीव घाबरलाय." मी निमूटपणे खाल्ली. शेवटचा घास पोटात जातो न जातो तोच डॉक्टर हसत बाहेर आला. सगळं नीट झालं होतं.

तिसऱ्या दिवशी घरी सोडणार म्हणून भेटायला गेले, तर पेशंट तोंड पाडून बसलेला. सदरा वर करून त्याने पोट दाखवलं. चार छोट्या पट्ट्या.

"बाई, एवढंसंच? पाड्यावर कोण मानंल मला ऑपरेशन झालं म्हणून? गेल्या गेल्या भाताच्या लावणीला उभा करतील."

नर्सला हसू आवरेना. डॉक्टरला विचारून तिने त्याच्या पोटाला हातभर रुंद पांढरा पट्टा आवळला. तो त्याने सदऱ्यावरूनच बांधायला लावला. मग त्याचा चेहरा खुलला.

जीप रस्त्यावर उभी होती. एक हात पट्ट्यावर ठेवून, पावलागणिक कण्हत तो निघाला. बायको दोन पिशव्या सांभाळत मागून चालली होती.

"इथं कशाला कण्हतोस?" ती म्हणाली. "घाट चढल्यावर कण्ह. इथं तुला वळखतंय कोण?"